केनफाचं लाल नाव

दिंग याफनच्या आईच्या थडग्यावर दोन नावं होती. आईचं काळ्या रंगात आणि वडिलांचं, दिंग केनफा, लाल रंगात. आमच्याकडे नवराबायकोचा दगड एकच असतो आणि जो मागे राहिला त्याचं नाव लाल रंगवतात, म्हणजे हा अजून जिवंत आहे, याची जागा धरून ठेवा.

दगड घडवणाऱ्याने रंगाचा डबा उघडत विचारलं होतं, "काकांचं वय काय आता?"

"एक्क्याऐंशी," याफन म्हणाली.

"तब्येत?"

"माहीत नाही. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मासे धरायला गेलेत."

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने ब्रश लाल रंगात बुडवला. परगावचा होता बिचारा. आमच्या हौशा गावचा असता तर त्याने विचारलंच नसतं.

केनफा होडीवर कान लावायचं काम करायचा. पिवळे मासे विणीला आले की पाण्याखाली बेडकांसारखे ओरडतात. केनफा होडीच्या तळाच्या फळीला डावा कान लावून आडवा पडायचा आणि सांगायचा, उजवीकडे, अजून थोडं, बस, जाळं सोडा. त्या कानाची पाळी लहानपणी गळ अडकून फाटलेली होती. फाटक्या कानाला जास्त ऐकू येतं असं गाव म्हणायचं. चौथ्या महिन्यातल्या एका वादळात अकरा माणसांची ती होडी गेली ती गेलीच. फळी आली नाही, की जाळ्याचा तुकडा आला नाही. याफन तेव्हा नऊ वर्षांची होती.

समुद्राने देह दिला नाही तर आम्ही जीव तरी मागून घेतो. गवताची बाहुली करायची, तिच्यावर त्या माणसाचं नाव आणि जन्मवेळ लिहायची, पौर्णिमेला दुपारी बाराची भरती धक्क्याला लागली की पोराने हाक मारायची, "आबा, घरी या!" मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याने बापाच्या वतीने ओ द्यायची, "आलो, आलो!" मग बाहुली पेटीत ठेवून डोंगरावर पुरायची. त्या वर्षी दहा घरांनी हौशाच्या दगडी धक्क्यावर अशा हाका मारल्या. अकराव्या घराने दार लावून घेतलं.

"जिवंत माणसाला पुरायला निघालेत," याफनची आई म्हणाली. "उद्या परत आला तर बसेल कुठे? त्या बाहुलीच्या मांडीवर?"

तिच्या डोक्यात एकच होतं. वाऱ्याचा रोख पूर्वेला होता, म्हणजे होडी समुद्रापलीकडच्या, शत्रूच्या ताब्यातल्या बेटावर लागली असणार. तेव्हा 'पलीकडे' हा शब्द मोठ्याने उच्चारायचीही सोय नव्हती, म्हणून ती तो पोटात घालून बसली. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी खरोखरच पलीकडची माणसं भेटीला येऊ लागली, बोटांत सोन्याच्या अंगठ्या आणि काखेत टीव्ही घेऊन. असा पाहुणा ज्या गावी उतरेल तिथे आई दर वेळी चालत जायची आणि पाहुण्याच्या जेवणात व्यत्यय आणून विचारायची, "डावा कान फाटलेला माणूस कुठे दिसला का हो?" एकाने विनोद केला, "कान बघत नाही मी, खिसा बघतो." आई त्याच्या ताटातला मासा उचलून चालती झाली होती. ही गोष्ट गावात अजून सांगतात.

घर याफनने चालवलं. ओहोटीला एक गुडघा लाकडी घसरगाडीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे सारत मैलभर आत जायचं आणि चिखलातल्या गोगलगायी वेचायच्या. मिठात आणि भाताच्या दारूत मुरवल्या की निंगपो शहरात त्यांना चांगला भाव होता. लग्न झालं तेही घरजावई आणून, कारण दिंग नाव सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. नवरा गरीब स्वभावाचा होता, पण छातीच्या दुखण्याने लवकर गेला, मुलगा वेईहांग तेव्हा शाळेतच होता. 'वेईहांग' म्हणजे मोठा जलप्रवास. नाव आजीने ठेवलं. हा पठ्ठ्या बोटीत पाय ठेवला की ओकतो.

बंदर आलं ते याफनच्या डोळ्यांदेखत. आधी चिखलात खांब ठोकले. मग एक दिवस लोखंडाची माती घेऊन एवढं जहाज आलं की त्याच्या सावलीत अर्धं गाव मावलं असतं. सगळे बांधावर बघायला गेलेले. आईने बंदरातल्या माणसाची बाही धरून विचारलं, "कुठून आलं हे?"

"ऑस्ट्रेलियाहून."

"पलीकडून नाही?"

"आजी, सगळीकडून येतील. जगातली सगळी जहाजं इथेच येणार आहेत."

हे वाक्य तिने देवाच्या शब्दासारखं धरलं. जगातली सगळी जहाजं इथे येणार, म्हणजे त्यांतल्या एखाद्यात तो असणार. पुढे जेव्हा गावच्या किनाऱ्यावर भराव टाकून कंटेनरचं बंदर करायचं ठरलं, तेव्हा गाव भांडलं, रडलं, तीन महिने अडून बसलं. पहिला अंगठा कुणी उठवला? याफनच्या आईने. शेजारणींनी शिव्या घातल्या, तरी ही ताठ. "बंदर मोठं होऊ दे. वाट मोठी हवी, लांबून यायचंय त्याला."

हंस-टेकडी सुरुंगाने फोडून तिचे दगड समुद्रात ओतले. चिखल गेला, दगडी धक्का गेला, किनारा तीन किलोमीटर पुढे सरकला आणि हौशा सहा मजली इमारतींत राहायला गेलं. बंदर वाढत वाढत जगातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसलं. याफनला तिथेच काम मिळालं, रिकामे कंटेनर धुवायचं. तिने पोटात शिरून झाडू मारला नाही असा देश उरला नसेल. कुठे कॉफीचे दाणे, कुठे जिरं, कुठे खजुराच्या बिया. दार उघडून पहिला श्वास घेतला की ती सांगायची हा कुठला. रोज शेकडो पेट्या यायच्या आणि रोज संध्याकाळी आई जेवताना विचारायची, "आज काय आलं?" टेबलावर जेवायच्या काड्यांची चौथी जोडी असायची, केनफासाठी. याफन म्हणायची, "जिरं आलं."

गेल्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिने याफनचं मनगट धरलं.

"अम्मा, पाणी देऊ?"

"चुकले गं मी. तो तेव्हाच गेला होता. धक्क्यावर वाट बघत बसला असेल आणि मी तो धक्काच बुजवू दिला. अंगठा माझा पहिला." मग तिने दम घेतला. "बोलाव त्याला. मला एकटीला डोंगरावर झोप लागायची नाही."

तिसऱ्या दिवशी ती गेली. थडग्यावर लाल नाव लागलं, आणि याफनच्या मनात ते रात्रंदिवस टोचू लागलं.

गावात हाक मारायची रीत माहीत असलेला एकच माणूस उरला होता. आशुई काका, होडीवरचे जुने तांडेल, म्हणजे म्होरके, सगळे दात पडलेले आणि जीभ शाबूत. त्यांनीच बाहुली वळून दिली. तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला दोघं बसने नव्या किनाऱ्यावर गेली, जिथे कुंपण संपतं आणि शहरातली पोरं जहाजांचे फोटो काढायला येतात. बाराची भरती भिंतीला लागली. याफनने हाक मारली. काकांनी मागून ओ दिली. मग त्यांनी बाहुली हातावर तोलून बघितली. जीव आला की बाहुली जड होते म्हणतात.

"पिसासारखी आहे," काका म्हणाले. "नाही आला."

"जहाजांचा आवाज केवढा! ऐकू नसेल गेलं."

"केनफाला? तो पाण्याखालचा मासा ऐकायचा." काका खाली बसले आणि एकदम कपाळाला हात लावून हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "अगं फन, आपण दोघं गाढव. ही जागा म्हणजे तेव्हाचा भर समुद्र. आपण उभे आहोत समुद्रात आणि हाक मारतोय किनाऱ्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला. त्याला हाक पाण्यातून आली. आणि पाण्यातून आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, ती भुताची असते, हे तर आम्हाला चालायच्या आधी शिकवतात!"

याफनने बाहुली काकांच्या हातून घेतली. सत्तेचाळीस वर्षांनी मुलीची हाक ऐकली आणि आबांनी कान झाकून घेतले असतील. "मग कुठून मारू?"

"जुन्या धक्क्यावरून. घराच्या बाजूने."

"धक्का वीस हात खाली गाडलाय, काका."

"गाडला असेल, हलवला तर नाही ना?"

समुद्रात जागा शोधायची कोळ्यांची रीत काकांनी तिला शिकवली. जुन्या धक्क्यावर उभं राहिलं की गावच्या देवळाचं, जे अजून जागेवर उभं होतं, छप्पर बरोबर मागच्या मोठ्या डोंगराच्या खाचेखाली यायचं. ही एक रेघ. दुसरी रेघ हंस-टेकडीच्या चोचीची, पण ती टेकडी आता धक्क्याच्याच डोक्यावर पडलेली. "एका रेघेवर जागा कशी सापडणार?" याफनने विचारलं.

"अंगठ्याने. हात लांब केला की आख्खं देऊळ अंगठ्याच्या नखात मावायचं. ना कमी, ना जास्त."

याफनने आपला अंगठा बघितला. पाण्यात आणि साबणात झिजून लहान झालेला.

"तुझा नव्हे, बावळट! गड्याचा. तुझ्या बापाचा अंगठा खुरप्याएवढा होता."

"तो कुठून आणू?"

"तुझ्या पोराचा बघ. हात त्याने आजोबाचेच उचललेत. बाकी काही उचललं नाही."

वेईहांग बंदरात क्रेन चालवतो. पण क्रेनवर बसत नाही. दोन किलोमीटर लांब थंड खोलीत पडद्यांसमोर बसून तो सहा क्रेन हलवतो. त्या संध्याकाळी तो भात जेवत असताना याफनने गवताची काडी त्याच्या अंगठ्याच्या नखावर आडवी धरली आणि कात्रीने कापली.

"मा, काय चाललंय?"

तिने सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशीपासून जेवणाच्या सुट्टीत याफन कंटेनर धुण्याच्या अंगणात देवळाची रेघ धरून, हातात काडी घेऊन मागेपुढे चालू लागली. बायका म्हणाल्या, हिला आईचं दुःख लागलं. सहाव्या दिवशी देऊळ काडीत मावलं. पण ती जागा अंगणाच्या पुढे चाळीस पावलं होती, पिवळ्या पट्ट्याच्या आत, रिकाम्या कंटेनरच्या रांगांमध्ये. तिथे फक्त क्रेन फिरते, माणूस नाही.

"तिथे पाऊल टाकलंस की क्रेन थांबेल," वेईहांग म्हणाला. "भोंगा वाजेल, कॅमेऱ्यात येशील. तुला काढतील आणि मला विचारतील, तुझी आई ना ही?"

"मी छप्पन्नची झाले. मला तसंही काढतील."

"आणि ओ कोण देणार? काकांना आत सोडणार नाहीत."

याफनने त्याच्याकडे बघितलं. तिला काय म्हणायचं आहे ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मला आपली बोली येत नाही, मा," तो हळूच म्हणाला. "शाळेत एक शब्द बोललो तरी कोपऱ्यात उभं करायचे. तूच म्हणायचीस, बातम्यांसारखं बोल, नोकरी लागेल. लागली. आता आजोबांना मी बातम्यांसारखी ओ देऊ? त्यांना वाटेल कुणी सरकारी माणूस आलाय."

"नको देऊस," ती म्हणाली, आणि भांडी घासायला उठली. तिला राग आला होता, पण त्याचा नव्हे. त्याच्या तोंडातली बोली तिनेच काढून घेतली होती, आईने दगडी धक्का बंदराला देऊन टाकला तशी. चांगल्यासाठीच.

चौथ्या महिन्याची पौर्णिमा आली. सकाळी ती पहिल्या बसने नव्या किनाऱ्यावर गेली आणि बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन आली. गेटवर पहारेकऱ्याने विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "डाग जातात याने." साबणाच्या टोपलीत बाहुली होती, पोत्याखाली.

बाराला पाच कमी असताना बायका डबे उघडून बसल्या. याफनने टोपली काखेत घेतली, बादली उचलली आणि पिवळा पट्टा ओलांडला. लगेच भोंगा वाजला. डोक्यावरून जाणारी क्रेन अर्ध्यात थांबली, पेटी हवेत लटकत राहिली, लाल दिवा गरगर फिरू लागला. मागून बायका ओरडल्या. ती मोजत चाळीस पावलं गेली, काडी धरून देऊळ बघितलं, दोन पावलं मागे आली. मग चपला काढल्या. भरतीचं पाणी पायाला लागायला हवं, म्हणून निम्मी बादली पायांवर ओतली आणि निम्मी बाहुलीवर. सिमेंट तापलेलं होतं. पाणी क्षणभर चमकलं आणि वाळू लागलं.

ती देवळाकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. समोर पाणी नव्हतंच, निळ्या-तांबड्या पेट्यांच्या भिंती होत्या. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आबाऽ! मी फन! हौशाचा धक्का आलाय, आबा! पाणी गार आहे, घरी याऽ!"

नऊ वर्षांच्या पोरीचा आवाज निघाला तिचा. तिलाच आश्चर्य वाटलं. भोंगा वाजत होता. लांबून पहारेकऱ्याची मोटरसायकल येताना दिसली. ओ द्यायला मागे कुणीही नव्हतं.

"आबाऽ! अम्मा एकटी आहे हो! घरी याऽ!"

भोंगा एकदम थांबला. कुणीतरी बंद केला होता. मग डोक्यावर, तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर, क्रेनचा कर्णा खरखरला. ट्रकवाल्यांना सूचना द्यायचा तो कर्णा. त्यातून आधी नुसता श्वास ऐकू आला.

"आलोऽऽ... आलो गंऽ! हा काय, आलोऽ!"

हौशाची बोली. अस्सल. शेवटचा सूर वर चढवून मग सोडून दिलेला, जसा फक्त आमच्या गावात सोडतात. आई दारात उभी राहून संध्याकाळी नातवाला जेवायला हाका मारायची, आणि खाली चिखलात खेळणारं ते पोर अशीच ओ द्यायचं, रोज, शाळेत घालेपर्यंत. सगळी बोली गेली होती, पण एवढी एक ओ त्याच्या गळ्यात तशीच राहिली होती.

तिने बाहुली उचलली. जड होती. पाणी प्यायलेलं गवत जडच लागणार, हे तिलाही कळत होतं. तिने ती पोटाशी धरली आणि पहारेकरी येऊन दंडाला धरेपर्यंत रडत उभी राहिली.

याफनचं काम त्याच दिवशी गेलं. वेईहांगला लेखी माफी द्यावी लागली आणि महिनाभर पडद्यापासून दूर बसवलं. आशुई काकांनी सगळं ऐकून फक्त एवढंच विचारलं, "सूर नीट सोडला का त्याने?" नीट सोडला, ती म्हणाली. काकांनी समाधानाने मान हलवली आणि पेटीसाठी लाकूड शोधायला लागले.

बाहुली आईच्या शेजारी पुरली त्या दिवशी वेईहांग काळ्या रंगाचा डबा घेऊन आला होता. 'दिंग' याफनने रंगवलं. 'केन' रंगवलं. शेवटच्या अक्षराशी तिचा हात थांबला. लाल होतं तोवर कुठेतरी, कुठल्यातरी जहाजात, एक फाटक्या कानाचा म्हातारा बसलेला होता. सत्तेचाळीस वर्षं त्या म्हाताऱ्यासाठी काड्या मांडल्या होत्या. वेईहांगने तिच्या हातातून ब्रश घेतला आणि आपल्या खुरप्याएवढ्या अंगठ्याने दगड धरून ते अक्षर पुरं केलं.

उतरताना खाली सगळं बंदर दिसत होतं. तीन जहाजं आत येत होती, दोन बाहेर निघाली होती. सवयीने तिच्या तोंडून निघणार होतं, कुठून आलं असेल हे? ती पायरीवर बसली.

"वेईहांग, आता वाट कुणाची बघायची रे मी?"

तो तिच्याजवळ बसला.

"माझी बघ," तो म्हणाला. मोडक्यातोडक्या बोलीत, चुका करत. "उद्या सहाला सुटतो मी."